चिठ्ठीवर मात्रा नसलेला ऑक्सिजन

वाचकाचे पत्र, थोडक्यात: लेखिकेचे माहेर निपाणी भागातल्या एका खेड्यात आणि सासर गडहिंग्लज तालुक्यात आहे. सदुसष्ट वर्षांच्या आईने तरुणपणी तंबाखूच्या वखारीत बरीच वर्षे काम केले असून घरी चूल आणि पाण्याचा बंब आजही पेटतो. गेल्या महिन्यात कफ वाढून दम कोंडल्यामुळे त्यांना कोल्हापुरात नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले आणि निदान सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, झाले. घरी सोडताना बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन ८६ दाखवला होता. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली ‘घरी ऑक्सिजन, गरजेप्रमाणे’ एवढेच लिहिले आहे. तिथल्या एका डॉक्टरांनी तोंडी ‘जास्तीत जास्त वेळ लावा’ म्हणून सांगितले, तर गावच्या डॉक्टरांनी ‘दम लागला तरच लावा’ असे सांगितले. सध्या घरी भाड्याचा सिलिंडर आहे आणि थोरले भाऊ आईचा दम पाहून त्याची चावी मिनिटाला एक लिटरपासून चारपर्यंत फिरवतात. त्यांना वाटते, ऑक्सिजनची सवय लागली की तो सुटत नाही. पुण्याचा धाकटा भाऊ हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे दहा लिटरचे मशीन (कॉन्सन्ट्रेटर) विकत घेऊन पाठवायला निघाला आहे, आणि शेजारी कोविडच्या काळात घेतलेले मशीन अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहेत. साडेतीन आठवड्यांनी आता बसल्या जागी आकडा ९० ते ९१ असतो, पहाटे मात्र कधीकधी ८५ दिसतो. लेखिकेचा प्रश्न असा, की मशीन कोणते घ्यावे आणि ऐकावे कोणाचे?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर त्या एका ओळीवर अडली. त्या कार्डावरच्या प्रत्येक गोळीपुढे किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस हे लिहिलेले असणार. ऑक्सिजनपुढे मात्र ‘गरजेप्रमाणे’. रक्तदाबाच्या गोळीपुढे कोणी असे लिहिले असते, तर तुम्ही त्याच दिवशी फोन करून विचारले असते. ऑक्सिजनला आपण औषध मानत नाही, हवा मानतो, आणि हवा जास्त झाली म्हणून कोणाचे काय बिघडणार, असे आपल्याला वाटते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ऑक्सिजनचा समावेश आहे, त्याला मात्रा आहे आणि मात्रा चुकली तर अपायही आहे. चिठ्ठीवर ती नसल्यामुळे तुमच्या घरी मात्रा ठरवण्याचे काम दादांच्या हातातल्या चावीकडे, पुण्याच्या भावाच्या मायेकडे आणि सिलिंडर भाड्याने देणाऱ्या दुकानदाराच्या सल्ल्याकडे गेले आहे. या तिघांपैकी कोणाच्याही हेतूविषयी मला शंका नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना दोष देण्याआधी माझेही सांगून टाकतो, कारण अशा ओळी मी स्वतः लिहिलेल्या आहेत. दुपारी एकच्या सुमारास चार जणांना एकदम घरी सोडायचे असते, नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशी उभे असतात, आणि ‘बाकीचे तोंडी सांगितले आहे’ अशी स्वतःची समजूत घालून आपण पुढच्या खाटेकडे वळतो. खानापूरकडच्या एका वृद्ध गृहस्थांच्या कार्डावर मी लिटरचा आकडा घातला नव्हता. घरच्यांनी प्रेमापोटी पाचवर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना गुंगीत असताना परत आणले. बराच काळ सीओपीडी असलेल्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. सकाळी डोके जड होणे, दिवसा झोप आवरेनाशी होणे, बोलण्यात गोंधळ होणे अशा क्रमाने ते दिसू लागते, आणि घरच्यांना वाटते, आज निवांत झोप लागली आहे. सुदैवाने ते गृहस्थ सावरले. त्या दिवसापासून आकड्याशिवाय ऑक्सिजन लिहायचा नाही, हे मी पाळत आलो आहे. दादांना चावी चारवर का नेऊ नये, ते एवढ्यावरून समजावून सांगता येईल.

आता घरी ऑक्सिजन द्यावा की नाही, हे डॉक्टर कसे ठरवतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला त्यांच्यासमोर नेमके प्रश्न मांडता येतील. या उपचाराचा आधार १९८० आणि १९८१ सालच्या दोन अभ्यासांत आहे. पैकी ब्रिटनमधल्या अभ्यासात रक्तातला ऑक्सिजन खूपच कमी असलेले ८७ रुग्ण होते. रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण पाच वर्षांत दगावले, तर न घेणाऱ्या ४५ पैकी ३० जण. अमेरिकेतल्या अभ्यासात केवळ रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा रात्रंदिवस घेणारे जास्त जगले. ‘१५ तास’ हा आकडा इथून आला. म्हणजे ज्याला ऑक्सिजनची खरोखर गरज आहे, त्याने तो दम लागल्यावर दहा मिनिटे हुंगून उपयोगाचे नाही. दम लागो न लागो, तासांचा हिशेब पुरा व्हायला हवा. अशा रुग्णापुरते बोलायचे तर गावच्या डॉक्टरांचा ‘दम लागला तरच’ हा सल्ला अपुरा ठरतो.

पण गरज खरी कोणाची? रुग्ण स्थिर असताना, बसल्या जागी, साध्या हवेत, मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर (पारा) किंवा त्याहून कमी भरला, किंवा बोटावरचा आकडा ८८ अथवा त्याखाली टिकून राहिला, तर गरज मानतात. दाब ५६ ते ५९ असेल आणि पायांवर सूज, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण किंवा रक्त दाट झाल्याची खूण असेल, तरीही मानतात. त्याच्या वरच्या रुग्णांचे काय, हा प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत होता. २०१६ साली ७३८ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. त्या रुग्णांचा आकडा बसल्या जागी ८९ ते ९३ होता किंवा फक्त चालताना खाली जात होता, आणि त्यांना घरी ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढले नाही की रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. तुमच्या आईचा आजचा ९०–९१ हा आकडा नळी काढून, साध्या हवेत घेतलेला असेल, तर तो नेमका या पट्ट्यात येतो.

म्हणून वरच्या निकषातला ‘स्थिर असताना’ हा शब्द माझ्या लेखी तुमच्या पत्राचे अर्धे उत्तर आहे. ८६ हा आकडा आजार भडकलेला असताना, नवव्या दिवशी घेतलेला होता. त्या वेळी ऑक्सिजन देऊन घरी पाठवणे योग्यच होते. पण फुप्फुसाची सूज उतरायला आठवडे लागतात, आणि त्या अवस्थेतल्या आकड्यावर जन्मभराचा उपचार ठरवत नाहीत. सुमारे दोन महिन्यांनी, फार तर तीन महिन्यांच्या आत, पुन्हा मोजतात, आणि घरी सोडताना ऑक्सिजन लागलेल्या बऱ्याच जणांना तेव्हा तो लागत नाही असे दिसते. डिस्चार्ज कार्डावर ही फेरतपासणीची तारीख नसणे, ही मला लिटरच्या आकड्यापेक्षाही मोठी चूक वाटते, कारण तारीख नसली की मशीन घरात कायमचे ठाण मांडते. कोणी काढायला सांगत नाही आणि स्वतःहून काढायचे धैर्य कोणाला होत नाही.

दादा ज्याला ‘सवय’ म्हणतात, ते बहुधा असेच कुठेतरी पाहिलेले असावे. शरीराला ऑक्सिजनचे व्यसन लागत नाही. आजार वाढत गेलेल्या माणसाला तो पुढेही लागत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. चष्मा लागलेल्या माणसाला चष्म्याची सवय लागली असे म्हणण्याइतकेच ते खरे आहे. तरी दादांच्या शंकेत एक बरोबर प्रश्न दडला आहे: हे थांबवायचे केव्हा, आणि ते कोण ठरवणार?

दुसरे गृहीतक तुमच्या सगळ्यांचेच आहे: दम लागला म्हणजे ऑक्सिजन कमी पडला. सीओपीडीत दम पुष्कळदा श्वासनळ्या आवळल्यामुळे आणि फुप्फुसात जुनी हवा कोंडून राहिल्यामुळे लागतो. आकडा ९३ असताना माणूस धापा टाकू शकतो आणि ८५ असताना शांत बसून भाकरी थापू शकतो. पहिल्याला पंपाचे (इनहेलरचे) औषध, ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास आणि शिकून केलेला व्यायाम लागतो. ऑक्सिजन लागतो तो दुसऱ्याला. आई पंप कसा ओढतात, हे कोणी पाहिले आहे का? पुष्कळ जणांचे औषध जिभेवरच राहते. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर त्यांना तो ओढून दाखवायला सांगा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना या आठवड्यात फोन करून किंवा जाऊन भेटून चिठ्ठी पुरी करून घ्या. पुरी चिठ्ठी साधारण अशी असते: “निदान सीओपीडी. अमुक तारखेस बसून, साध्या हवेत आकडा इतका, धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब इतका, कार्बन डायऑक्साइडचा इतका. नाकातल्या नळीने बसलेले असताना मिनिटाला इतके लिटर, झोपेत इतके, चालताना इतके. रोज किमान इतके तास. आकडा ८८ ते ९२ यांच्या दरम्यान ठेवावा. तो त्यापेक्षा वर नेण्यासाठी लिटर वाढवू नयेत. साधन अमुक, वीज गेल्यास अमुक. फेरतपासणी अमुक तारखेस.” यातले लिटर डॉक्टरांनी अंदाजाने भरायचे नसतात. रुग्णाला अर्धा तास शांत बसवतात, एक लिटरवर सुरू करतात, आकडा पुरेसा वर येईपर्यंत एकेक लिटरने वाढवतात आणि शेवटी पुन्हा धमनीतले रक्त तपासून कार्बन डायऑक्साइड चढला नाही ना, हे पाहतात. बोटावरचे यंत्र ही शेवटची गोष्ट सांगूच शकत नाही. धमनीतल्या रक्ताच्या या तपासणीला रुग्णालयात एबीजी म्हणतात. तिची सोय सगळीकडे नसते, म्हणून फेरतपासणीला कोल्हापूरला जायचे की बेळगावला, हे आधी फोन करून ठरवा. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते आणि जुने कागद तिथेच आहेत, म्हणून मी तरी तिकडेच जाईन.

तोवर सिलिंडर बंद करू नका. या पत्रावरून मी आकडा सांगणेही बरोबर नाही. डॉक्टर फोनवर जो आकडा सांगतील तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सिलिंडरला चिकटवा आणि त्यापलीकडे चावी कोणीही हलवू नये असे घरात ठरवा. लिटर दाखवणाऱ्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी वरखाली होते. तिचा मध्य रेषेवर यायला हवा. पुष्कळ घरांत गोळीचा माथा रेषेला टेकवलेला मी पाहिला आहे. आकडा बोट ऊबदार करून घ्यावा. थंडीच्या दिवसांत आपल्या भागात पहाटे हात गारठतात आणि गारठलेल्या बोटावर यंत्र खोटे कमी दाखवते, म्हणून हात चोळून, मिनिटभर थांबून, स्थिरावलेला आकडा वहीत वेळेसह लिहा. मेंदी किंवा नखांचा रंग असलेले बोट टाळा. चुलीच्या धुरात बसून आल्यावरचा आकडा उलट खोटा जास्त येऊ शकतो. तुमचा पहाटेचा ८५ गारठ्यामुळे की झोपेत खरोखर घसरण होते म्हणून, हे आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदींवरून डॉक्टरांना पडताळता येईल. पण हात ऊबदार असूनही आकडा ८८च्या खाली टिकून राहिला, ओठ निळसर दिसले, किंवा आई जागी करूनही नीट जागी होत नसेल, तर वही बाजूला ठेवा, लिटर वाढवत बसू नका आणि १०८ला फोन लावा.

आता मशीन. पुण्याच्या भावाला थांबवा आणि फेरतपासणीपर्यंत मशीन भाड्यानेच आणा. दोन महिन्यांनी गरज नाही असे ठरले, तर विकत घेतलेले मशीन शेजाऱ्यांच्या मशीनसारखेच माळ्यावर जाईल. एक-दोन लिटर लागणाऱ्या माणसाला पाच लिटरचे मशीन भरपूर होते. दहा लिटरचे मशीन वीज जास्त खाते आणि चावी दहापर्यंत फिरण्याचा धोका वेगळाच. शेजाऱ्यांच्या मशीनबद्दल म्हणाल, तर त्यातले हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे दमट जागी वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर निकामी होऊ शकतात, आणि मग मशीन घरघरते, नळीतून हवा येते, पण तिच्यात ऑक्सिजन कमी असतो. चांगल्या मशीनमधून सुमारे ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन यायला हवा. तेवढा येतो का, हे तंत्रज्ञाकडून मीटर लावून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये, फुकट मिळाले तरी.

विजेचा हिशेबही करायला हवा. पाच लिटरच्या मशीनला साधारण ३५० वॉट लागतात. रोज १५ तास चालले तर सव्वापाच युनिट, म्हणजे महिन्याला दीडशेच्या पुढे. कर्नाटकातल्या घरगुती मोफत विजेच्या गृहज्योती योजनेची कमाल मर्यादा २०० युनिटांची आहे आणि ती ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. दादांच्या घरचा आजवरचा वापर पाहता ही मर्यादा ओलांडली जाईल का, ते मागची बिले काढून पाहा, आणि तो खर्च तिघा भावंडांत कसा वाटायचा हेही आताच बोलून घ्या. पुढे मशीन बंद ठेवण्याचे खरे कारण बिल असते आणि सांगितले जाते वेगळेच. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअरची बॅटरी नवी असताना तीनेक तास निभावेल, पुढे सिलिंडर हवाच. दहा लिटर मापाच्या छोट्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेला सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने तो साडेबारा तास पुरतो, चारने त्याच्या निम्मा. वीज कंपनीच्या (हेस्कॉमच्या) लाइनमनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

या भागात फौजेतून निवृत्त झालेले घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी एक उल्लेख. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत अवलंबित आई-वडिलांसाठीही अशी साधने मिळू शकतात, पण तिथेही आधी तज्ज्ञाची पुरी चिठ्ठी आणि तपासणीचा अहवाल मागितला जातो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत आयुष्य घालवून छातीत धूळ भरलेल्यांचा आजार वेगळा असला, तरी अशा अपुऱ्या चिठ्ठीचा तोटा त्यांनाही तेवढाच.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की दादा पडवीत विडी ओढतात. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण कपड्यांत आणि पांघरुणात तो मुरलेला असताना ठिणगी पडली तर ते भडकन पेटते. विडी, चूल, बंब, देवापुढचे निरांजन आणि उदबत्ती यांपासून नळी निदान दहा फूट लांब हवी आणि त्या खोलीत विडी मुळीच नको. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका आणि सिलिंडरच्या चावीला तेलकट हात लावू नका. बंबाचा धूर तर आईच्या छातीला ऑक्सिजन असो वा नसो बाधतच राहणार. माझ्या मते धाकट्या भावाच्या पैशाचा पहिला उपयोग मशीनपेक्षा बंबाऐवजी गॅसचा गीझर आणण्यात आहे, आणि तोही न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला.

तुमच्या पत्रात दादा बोलतात, धाकटे बोलतात, दोन डॉक्टर, दुकानदार, शेजारी सगळे बोलतात. आई काय म्हणतात ते मात्र एका ओळीतही नाही. नळी लावून शेजारणींसमोर बसायला त्यांना अवघड वाटते का, रात्री मशीनच्या आवाजाने झोप येते का, हे विचारा. फेरतपासणीत १५ तासांचा उपचार ठरलाच, तर रात्री नऊ ते सकाळी सहा असे नऊ तास झोपेत जातात, दुपारच्या विश्रांतीचे दोन, आणि उरलेले चार संध्याकाळी टीव्ही पाहताना किंवा भाजी निवडताना सहज बसतात. देवळात आणि हळदीकुंकवाला त्या नळीविना जाऊ शकतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि मशीन येण्यापूर्वी एक दोरी घेऊन त्यांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंतचे अंतर वळणांसकट मोजून पाहा. नळी पन्नास फुटांपेक्षा लांब नेता येत नाही, आणि ती उंबऱ्यावरून कुठे ओलांडावी लागते तेही त्याच वेळी लक्षात येईल.